एअरलूममधला लूम

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचकाने विचारलं आहे : 'हँडलूम, पॉवरलूम यांतला लूम म्हणजे माग. पिढीजात वस्तूला इंग्रजीत एअरलूम म्हणतात, त्यातलाही लूम हाच का? बापाचा माग मुलाकडे यायचा, त्यावरून हा शब्द पडला असेल का?'

जिथे घराघरांत मागाचा खडखडाट ऐकत पोरं मोठी झाली, तिथे हा तर्क सुचणं अगदी साहजिक. लूम दोन्हीकडे एकच आहे, हेही बरोबर. पण शब्द मागावरून पडलेला नाही.

जुन्या इंग्रजीत 'गेलोमा' म्हणजे कुठलंही अवजार, भांडंकुंडं. त्याचं पुढे 'लोम' झालं आणि हळूहळू विणकराच्या अवजारापुरताच तो शब्द उरला. त्याला 'एअर' म्हणजे वारस जोडून झालेला हा जोडशब्द पंधराव्या शतकात दिसतो, तेव्हा लूमचा जुना, मोठा अर्थ अजून चालू होता. म्हणजे एअरलूम ही वारसाची चीजवस्तू. मग ती पेटी असो, पलंग असो की माग. यातला 'एअर' फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन 'हेरेस'. अर्धा शब्द परका, अर्धा घरचा.

या शब्दाला कायद्याचीही बाजू आहे, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. इंग्लंडात जमीन-घर वारसाकडे जाई, पण जंगम मालमत्ता मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्याच्या ताब्यात जाई. रूढीने काही वस्तू मात्र घराबरोबर थेट वारसालाच मिळत, त्या एअरलूम. अठराव्या शतकातले कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी लूमचा अर्थ 'अवयव' असा लावला होता, म्हणजे वारशाचा अवयव. कल्पना सुरेख आहे, पण व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही.

अर्थ असा आक्रसणं आपल्याला नवं नाही. संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलाही रानपशू. आज मृग म्हटलं की हरिणच डोळ्यांपुढे येतं, पण सिंहाला मृगेंद्र आणि माकडाला शाखामृग म्हणताना जुना अर्थ समासात तसाच राहिला आहे. एअरलूममध्येही नेमकं हेच घडलं. इंग्रजीतला हरिणवाचक 'डिअर'सुद्धा एके काळी कुठल्याही पशूला लागू होता.

धुक्यातून जहाज अंधूक, मोठं दिसू लागतं, त्यासाठी इंग्रजीत 'लूम' हे क्रियापद आहे. त्याचं कूळ वेगळं; ते मागाशी जोडू नये.