ठरवतो एक, करतो भलतंच: हे अंतर्मनाचं काम का?

तुम्ही विचारलंय की माणसाचं नव्वद टक्के वागणं अंतर्मन ठरवतं हे खरं का. आणि रोज ठरवूनही संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या तुम्ही बायकोवर खेकसता, तर अंतर्मनाला सूचना देऊन ते थांबेल का. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि बँकेत चिकटलो. विषय मात्र सुटला नाही, म्हणून लिहितोय.

आधी माझी फजिती सांगतो. सतरा वर्षं गिअरची बाइक चालवली. मग गुडघा कुरकुरायला लागला म्हणून बिनगिअरची स्कूटर घेतली. बाइकवर डाव्या हाताला क्लच, स्कूटरवर त्याच जागी ब्रेक. हे मला चांगलं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी पौड रोडला सिग्नल जवळ आला, मी सवयीने डावी लिव्हर पूर्ण आवळली आणि गाडी जागच्या जागी खिळली. मागचा रिक्षावाला थोडक्यात वाचला. "काका, झोपलाय काय?" तो ओरडला. मी ताडकन म्हणालो, "अहो, समोर खड्डा होता!"

खड्डा नव्हता. पुण्यात असूनही नव्हता.

पण मी थाप मारत नव्हतो. ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. हात आधी हलला, कारण मागाहून आलं.

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका रुग्ण बाईची हकिगत छापली. तिला नवीन काही लक्षात राहत नसे, डॉक्टरांची ओळखसुद्धा दर वेळी नव्याने. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिचा हात हातात घेतला. तिला टोचलं, आणि थोड्या वेळात ती ते विसरूनही गेली. पुढे त्यांनी हात पुढे करताच तिने आपला झटकन मागे घेतला. का? तर, मला हात मागे घ्यायचा हक्क नाही का, असा उलट सवाल. फारच खोदल्यावर म्हणाली, कधीकधी लोकांच्या हातात टाचणी असते म्हणे. आपल्याला टोचलंय हे तिला सांगता येत नव्हतं, पण हात विसरला नव्हता.

आपल्याकडे यासाठी दोन सुरेख शब्द आहेत, जाणीव आणि नेणीव. 'अंतर्मन' म्हटलं की आत कुणीतरी बसलंय, त्याला नवस बोलला की काम होईल, असं वाटायला लागतं. नेणीव म्हणजे नुसतं एवढंच की आपल्यात काहीतरी चाललंय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

माझ्या खड्ड्याची सगळ्यात जवळची बहीण मात्र अमेरिकेत सापडते. तीव्र अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, आटोक्यात यावा म्हणून काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारे तंतू कापत असत. मेंदूचे अभ्यासक मायकेल गॅझानिगा अशाच एका तरुणाला तपासत होते. मेंदूच्या डाव्या अर्ध्याला त्यांनी कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. उजवा हात मेंदूच्या डाव्या अर्ध्याच्या ताब्यात असतो, डावा हात उजव्याच्या. उजव्या हाताने कोंबडी दाखवली, डाव्याने फावडं. फावडं बर्फ उपसायचं, पण त्या तरुणाचं बोलणं मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे, आणि त्या अर्ध्याने बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं का, असं विचारल्यावर तो न अडखळता म्हणाला की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

आता ते नव्वद टक्के. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हिमनगाचं चित्र दाखवून हा आकडा फेकतात, पण तो मोजून काढलेला नाही. वागणं मोजायचं कशात, किलोत की लिटरमध्ये? आणि या क्षेत्रात प्रयोगही जपून वाचावे लागतात. १९९६ साली एक निष्कर्ष गाजला होता: म्हातारपणाशी निगडित शब्दांची वाक्यं जुळवायला दिली की तरुण विद्यार्थी कॉरिडॉरमधून हळू चालतात. २०१२ मध्ये ब्रसेल्समधल्या संशोधकांनी इन्फ्रारेड सेन्सर लावून मोजलं, तर काही फरक पडेना. पुढच्या फेरीत चाल मंदावली, पण फक्त जिथे प्रयोग घेणाऱ्यालाच 'हे लोक हळू चालणार' असं आधी सांगून ठेवलं होतं तिथे. नेणिवेचा खेळ होता खरा, पण त्यात प्रयोग घेणाराही सामील होता.

तुमच्या खेकसण्याकडे येतो. सूचनांचं म्हणाल तर मी "क्लच नाही, ब्रेक आहे" असं पुटपुटत चार दिवस गाडी चालवली आणि पाचव्या दिवशी परत आवळली. ऐनवेळी जाणीव नेहमी उशिरा पोचते. पण आधी तयारी करायला तिच्याकडे भरपूर वेळ असतो. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज रात्री दहा मिनिटं फेऱ्या मारल्या आणि एकच नियम ठेवला: सिग्नल दिसला की डाव्या हाताची चारही बोटं हँडलच्या मुठीभोवती. तीन आठवडे लागले. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाचं बरंच काम अशाच जर-तरच्या बेतांवर आहे. 'आजपासून शांत राहीन' हा बेत कशालाच अडकत नाही, 'कुलूप उघडलं की आधी थेट मोरीत जाऊन हातपाय धुवीन' हा कुलपाला अडकतो.

कुठे अडकवायचा ते कळावं म्हणून आठवडाभर एक करा. खेकसलात की लगेच मोबाइलमध्ये नोंदवा: किती वाजले, हातात काय होतं, शेवटचं कधी खाल्लं, शेवटचा फोन कुणाचा. का चिडलो ते लिहू नका. तिथे तुमचा खड्डा येईल, आणि तो बहुतेक वेळा बायकोच्याच नावावर असेल. (हात उगारण्यापर्यंत गोष्ट जात असेल तर हे सगळं सोडा आणि समुपदेशकाकडे जा.)

परवा गावी भावाची बाइक घेऊन निघालो होतो, मागे पुतण्या. नाक्यावर ब्रेक दाबला, डावा हात ढिम्म, क्लच दाबलाच नाही. गाडी आचका देऊन बंद पडली. "काका, काय झालं?" पुतण्याने विचारलं. "पेट्रोल संपत आलंय वाटतं," म्हणत मी टाकीचं झाकण उघडायलासुद्धा लागलो होतो.