घरच्या राऊटरमधील प्राधान्यक्रम आणि पत्त्यांची अदलाबदल : वाचकांचे प्रश्न

राऊटरच्या सेटिंगविषयी आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी सेटिंग योग्य रीतीने भरले आहे. अडचण आहे ती राऊटरच्या बाहेर, आणि ती नेमकी कोठे आहे हे शोधल्याशिवाय आतली बटणे फिरवून काही साधत नाही.

प्रश्न : मी नाशिकमध्ये घरून काम करतो. फायबरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा (मेगाबिट प्रति सेकंद) असला, तरी अपलोड २० एमबीपीएसच मिळते. संध्याकाळी घरातल्या मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की माझ्या मीटिंगमधला आवाज तुटतो. राऊटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणाऱ्या सोयीत, माझ्या लॅपटॉपला ‘हाय’ प्राधान्य दिले, पण काहीही फरक पडला नाही. राऊटर बदलावा का?

उत्तर : राऊटर बदलण्याची घाई करू नये. प्राधान्य देणे म्हणजे रांगेत थांबलेल्या पॅकेटांपैकी, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांपैकी, आधी कोणते सोडायचे हे ठरवणे. त्यामुळे रांग जिथे लागते तिथेच त्याला अर्थ असतो. आपल्या घरात लॅपटॉप ते राऊटर हा टप्पा वायफायवर बहुधा शंभराहून अधिक एमबीपीएसचा असेल, राऊटर आणि फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, यांना जोडणारी केबल सहसा १००० एमबीपीएसची असते आणि ओएनटीपासून पुढे मात्र २० एमबीपीएसचाच रस्ता आहे. साहजिकच राऊटर हाती आलेले पॅकेट लगेच पुढे ढकलतो, त्याच्याकडे रांग लागतच नाही आणि सगळी गर्दी ओएनटीच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचते, जिथे आपण दिलेल्या ‘हाय’ची कोणी दखल घेत नाही. टोलनाक्यावर कोंडी झालेली असताना सोसायटीच्या फाटकातून आपली गाडी आधी सोडावी, तसे हे झाले.

या साचण्याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. बफरमध्ये १ मेगाबाइट, म्हणजे ८० लाख बिट, एवढा डेटा थांबला असेल, तर २० एमबीपीएसच्या वेगाने तो बाहेर पडायला ०.४ सेकंद लागतात. आपल्या आवाजाचे पॅकेट त्यामागे उभे असते, त्यामुळे त्यालाही ४०० मिलिसेकंद उशीर होतो. संभाषणासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते आणि ४०० ही तिची अखेरची मर्यादा आहे. म्हणजे इंटरनेट ‘फास्ट’ असूनही दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि मग दोघेही थांबतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले, त्यानंतर त्यावर बरेच चांगले काम झाले आहे.

उपाय असा की रांग ओएनटीतून उचलून राऊटरमध्ये आणायची. त्यासाठी राऊटरला लाइनचा वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी सांगावा लागतो. लॅपटॉप केबलने जोडून सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या गर्दीत वेग मोजावा, त्यातला सर्वांत कमी आकडा धरावा आणि क्यूओएसच्या पानावरील अपलोडच्या रकान्यात त्याच्या सुमारे ९० टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत १८ एमबीपीएस, भरावे. प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा तिथे भरला, किंवा रकाना रिकामाच सोडला, तर पुढचे सगळे प्राधान्यक्रम निरर्थक ठरतात. आपल्याकडे हेच झाले असावे. डाउनलोडची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ती रांग कंपनीच्या टोकाला लागते आणि आपला राऊटर फक्त काही पॅकेट टाकून देऊन किंवा रोखून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावू शकतो. हा अप्रत्यक्ष इलाज असल्यामुळे तिथे थोडी अधिक सूट ठेवावी, ८५ टक्क्यांपासून सुरुवात करावी. दहा-पंधरा टक्के वेग सोडून देणे जिवावर येते खरे, पण वेग हाच एक निकष मानून प्लॅन विकले जातात म्हणून आपणही तोच मानावा असे नाही.

बदलाचा परिणाम वेग मोजणाऱ्या संकेतस्थळावर दिसणार नाही, तो पिंगमध्ये, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक देऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात त्या मोजणीत, दिसेल. लाइन मोकळी असताना गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला सलग पिंग चालू ठेवावे आणि मग मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवावा. आकडा १० वरून ३००-४०० वर उडी मारत असेल तर रांग अजूनही बाहेरच आहे. तो २०-३० च्या आसपास राहिला तर ती आपल्या ताब्यात आली. नाही आली तर मर्यादा आणखी एक-एक एमबीपीएसने खाली आणावी.

राऊटरमध्ये ‘एसक्यूएम’ हा रांग आपोआप सांभाळणारा पर्याय असेल, किंवा त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त प्रणाली चालत असेल, तर उपकरणांची क्रमवारी लावण्याच्या भानगडीत न पडता तोच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये मांडलेली कोडेल ही पद्धत पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते आणि वेळ वाढू लागताच पाठवणाऱ्याला इशारा देते. एफक्यू-कोडेल त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे थोडे-थोडे बोलणारी मीटिंग ढिगाने येणाऱ्या फोटोंच्या मागे अडकत नाही. लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत, २०१८मध्ये, आलेली केक ही तिची पुढची पायरी. केक वापरताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. ती राऊटरच्या बाहेरच्या दारावर काम करते आणि तिथे पोहोचेपर्यंत घरातल्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता बदलून एकच झालेला असतो (याला एनएटी किंवा नॅट, म्हणजे पत्त्यांचे भाषांतर, म्हणतात), त्यामुळे ‘प्रत्येक उपकरणाला समान वाटा’ हा नियम तिला आपोआप पाळता येत नाही. प्रगत पर्यायांच्या ओळीत अपलोडसाठी ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ आणि डाउनलोडसाठी ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’ ही इंग्रजी अक्षरांतली सूचना दिली की ती भाषांतराची नोंदवही उघडून मूळ उपकरण कोणते ते पाहते. हे केल्यावर एका मोबाइलने चाळीस जोडण्या उघडल्या तरी त्याला एकाच उपकरणाचा वाटा मिळतो. ‘हार्डवेअर ऑफलोड’ किंवा ‘एनएटी बूस्ट’ अशा नावाची सोय चालू असेल तर ती बंद करावी, कारण तिच्यामुळे पॅकेट या रांगेला वळसा घालून निघून जातात. ती बंद केल्यावर प्रोसेसरवर भार येतो. स्वस्त, जुना राऊटर तिथे दमला, तरच तो बदलण्याचा विचार करावा.

प्रश्न : सांगलीजवळच्या गावातल्या घरी कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बसवला आहे. पुण्यातून चित्र दिसावे म्हणून ८००० क्रमांकाचा पोर्ट डीव्हीआरकडे फॉरवर्ड केला, म्हणजे राऊटरच्या त्या दारावर बाहेरून येणारे सगळे डीव्हीआरकडे वळवले. घरातल्या वायफायवर सगळे चालते, बाहेरून काहीच उघडत नाही. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १००.७२ ने सुरू होतो.

उत्तर : शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा एप्रिल २०१२मध्ये आरएफसी ६५९८ या दस्तऐवजाने इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला. आपला पत्ता त्यात येतो, म्हणजे आपण थेट इंटरनेटवर नसून कंपनीच्या भल्या मोठ्या राऊटरमागे, शेकडो ग्राहकांसह एकाच सार्वजनिक पत्त्याआड आहात. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली विचारणा प्रथम त्या मोठ्या राऊटरवर थडकते. ती कोणत्या ग्राहकाकडे द्यायची याची त्याच्याकडे नोंद नाही, म्हणून ती तिथेच टाकून दिली जाते आणि आपल्या घरातला पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम कितीही अचूक असला तरी त्याच्यापर्यंत काही येतच नाही.

कंपनीला यात फारसा दोष देता येणार नाही. आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांचा जागतिक साठा वाटून संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागातल्या नोंदणी संस्थेने हात आखडता घेतला. त्यानंतर झपाट्याने ग्राहक वाढवणाऱ्या कंपन्यांपुढे एक पत्ता अनेकांत वाटण्याखेरीज फारसा मार्ग उरला नाही.

आपल्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, कंपनीकडून स्टॅटिक पब्लिक आयपी घ्यावा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. दुसरी, आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत. तिथे पत्त्यांची टंचाई नसल्यामुळे भाषांतराचीही गरज नसते, फक्त राऊटरच्या फायरवॉलमध्ये त्या उपकरणासाठी वाट उघडावी लागते. मात्र डीव्हीआरला आयपीव्ही६ कळत नसेल तर ही वाट बंद. तिसरी वाट मला सर्वांत पसंत आहे : घरातूनच बाहेरच्या दिशेने बोगदा काढावा. टेलस्केलसारखी सेवा घरातल्या सतत चालू असलेल्या एखाद्या छोट्या संगणकावर बसवून त्याला घरच्या नेटवर्कचे दार करता येते, किंवा भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड हा बोगदा काढणारा प्रोग्राम मांडता येतो. जोडणी आतून सुरू होत असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. डीव्हीआर बनवणाऱ्याची क्लाउड सेवाही याच तत्त्वावर चालते, पण मग आपल्या अंगणाचे चित्र कोणाच्या सर्व्हरमार्गे जाते याचा विचार करून ती घ्यावी.

पब्लिक आयपी मिळाला तरी डीव्हीआरचा पोर्ट थेट उघडा ठेवू नये, असे आग्रहाने सांगतो. २०१६मध्ये मिराय या दुष्ट प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर डाइन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, हल्ला झाला. ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास विस्कळीत झाल्या. पोर्टचा क्रमांक ८००० ऐवजी भलताच ठेवल्याने हे टळत नाही, कारण शोधणारे प्रोग्राम सगळेच पोर्ट चाचपतात.

प्रश्न : मडगावला कंपनीच्या ओएनटीला माझा स्वतःचा चांगला राऊटर जोडला आहे. त्याचा वॅन आयपी १९२.१६८.१.५ दिसतो. मुलाच्या गेम कन्सोलवर ‘एनएटी स्ट्रिक्ट’ असे येते आणि मित्रांचा आवाज ऐकू येत नाही. यूपीएनपी चालू आहे. डीएमझेड, म्हणजे बाहेरून येणारे सगळे एकाच उपकरणाकडे पाठवण्याची सोय, चालू करू का?

उत्तर : १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता, तसेच १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा, हा खासगी पत्ता असतो. तो आपल्या राऊटरच्या बाहेरच्या बाजूला दिसतो आहे, म्हणजे ओएनटीही राऊटरचेच काम करते आणि घरात पत्ते दोनदा बदलले जातात. कन्सोल यूपीएनपीद्वारे आतल्या राऊटरला पोर्ट उघडायला सांगते, तो उघडतोही. पण बाहेरच्या ओएनटीला त्याची वार्ता नसते.

सर्वांत स्वच्छ इलाज म्हणजे कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पत्ते न बदलता सगळे पुढे सोडणाऱ्या स्थितीत, टाकून घेणे. मग पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचे, युजरनेम, पासवर्ड आणि बहुधा व्हीलॅनचा क्रमांक आपल्या राऊटरमध्ये भरावा लागतो. हे तिन्ही आधी लिहून घ्यावे, नाहीतर तंत्रज्ञ निघून गेल्यावर घर दिवसभर इंटरनेटविना राहते. पीपीपीओईच्या वेष्टनात ८ बाइट खर्च होत असल्यामुळे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ असायला हवा. ओएनटीवर लँडलाइनचा फोन चालत असेल तर ब्रिज मोडमध्ये तो चालू राहील का, हेही विचारावे.

कंपनीने नकार दिला तर डीएमझेडचा उपयोग आहे, पण योग्य जागी. ओएनटीच्या डीएमझेडमध्ये १९२.१६८.१.५ हा आपल्या राऊटरचा पत्ता भरला तर बाहेरचे सगळे त्याच्याकडे येते आणि त्याची स्वतःची फायरवॉल पुढे उभी असतेच, त्यामुळे फारसा धोका नाही. तो पत्ता बदलू नये म्हणून ओएनटीत त्याची नोंद कायम करून ठेवावी. याउलट आपल्या राऊटरमध्ये डीएमझेडला कन्सोलचा किंवा संगणकाचा पत्ता देणे म्हणजे त्या उपकरणाची सगळी दारे उघडणे. ते करू नये. आपला राऊटर नुसता वायफाय पुरवणारा ॲक्सेस पॉइंट करून दुहेरी बदल टाळता येतो, परंतु मग त्यातले क्यूओएसही सहसा निकामी होते. ब्रिज झाल्यावर वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात आला, तर सांगलीच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्यालाही लागू आहे.

प्रश्न : घरात मोबाइलची रेंज नाही म्हणून वायफाय कॉलिंग वापरतो. आवाज कधी तुटतो, कधी फोन वाजतच नाही. यालाच प्राधान्य देता येईल का?

उत्तर : देता येईल. वायफाय कॉलिंगचा आवाज कूटबद्ध बोगद्यातून जातो, त्यामुळे राऊटरला आतले ओळखता येत नाही, पण बोगदा ओळखता येतो : तो यूडीपी या पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टवर चालतो. या दोन पोर्टना वरचा वर्ग द्यावा, अर्थात वेगाची मर्यादा पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे आधी भरून. कार्यालयाचे काही व्हीपीएनही ४५०० वापरतात. तसे असेल तर त्यातून उतरणारी मोठी फाइलही फोनच्या बरोबरीने पुढे घुसेल, म्हणून नियम पोर्टबरोबर मोबाइललाही बांधावा. मोबाइल प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाची हार्डवेअर ओळख, देतात, तेव्हा आपल्या घरच्या नेटवर्कपुरती ती सोय मोबाइलमध्ये बंद करून मगच राऊटरमध्ये त्याचा आयपी राखून ठेवावा.

फोन न वाजण्याचे कारण वेगळे असू शकते. भाषांतराच्या नोंदवहीतली यूडीपीची नोंद काही वेळ हालचाल झाली नाही की राऊटर पुसून टाकतो आणि मग बाहेरून येणाऱ्या कॉलला आत यायची वाट राहत नाही. मोबाइल अधूनमधून छोटे पॅकेट पाठवून ती जागी ठेवतो, पण बॅटरी वाचवण्यासाठी त्यात अंतर पडते. राऊटरमध्ये ‘यूडीपी टाइमआउट’ बदलता येत असेल आणि तो ३० सेकंद असेल, तर १८० करून पाहावा. तसा रकानाच नसेल, तर मोबाइलमधील बॅटरी सेव्हर रात्रीपुरता बंद ठेवून फोन वाजतो का ते आधी तपासावे.