काकांच्या डब्यात 'ग्रोशन' सापडत नाहीये, कारण नाण्यावर तसं लिहिलेलंच नसतं

प्रश्न थोडक्यात असा होता की काकांनी जर्मनीहून आणलेली युरोच्या आधीची चिल्लर लावायला घेतलीये, काका म्हणतात यात ग्रोशन आहेत आणि 'झेक्सर' पण आहेत, पण जिकडेतिकडे फेनिगच (युरोच्या आधीच्या जर्मन मार्कचे पैसे) छापलंय, आणि झेक्स म्हणजे जर सहा तर सहाचं नाणं गेलं कुठे?

सहाचं नाणं नाहीचे. दहा फेनिगचं नाणं म्हणजे बोलीतला ग्रोशन, आणि पाच फेनिगचं म्हणजे झेक्सर. हो, नाव सहावालं आणि किंमत पाच!

हे आपल्याला खरं तर लगेच कळायला हवं. १९५७ ला आपल्याकडे रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणा गेला, पण नाण्यावर २५ पैसे छापलेलं असताना सगळे चार आणेच म्हणत राहिले की नाही? तिकडे प्रशियात (जर्मनीतलं जुनं मोठं राज्य) एका थालरचे, म्हणजे त्यांच्या चांदीच्या नाण्याचे, ३० सिल्व्हरग्रोशन आणि एका ग्रोशनचे १२ फेनिग असा हिशोब होता, म्हणजे अर्धा ग्रोशन सहा फेनिगचा, तोच झेक्सर. मग १८७१ ला जर्मन साम्राज्य झालं आणि मार्क आला, एक मार्क म्हणजे थालरचा तिसरा हिस्सा, म्हणजे बरोब्बर दहा ग्रोशन, पण त्याच मार्कचे फेनिग आता शंभर. झालं, ग्रोशन आपोआप दहा फेनिगचा आणि अर्धा ग्रोशन पाचचा, लोकांनी मात्र झेक्सर काही सोडलं नाही. आपले चार आणे निदान खोटं बोलत नव्हते, रुपयाचा पाव भाग तो पाव भागच, इथे तर आकडाच चुकीचा आणि तरी शंभरेक वर्षं बिनबोभाट चालला, मला हे फार आवडतं.

ग्रोशन तर युरो आल्यावरही बोलण्यात आहे. एखाद्याला उशिरा काही उमगलं की 'ग्रोशन पडला' म्हणतात, मशीनमध्ये टाकलेलं नाणं खाली पडलं की मगच ते चालतं ना, तसं. आपल्याकडे ट्यूब पेटते. आणि कंजूष माणसाला 'फेनिगफुक्सर', म्हणजे आपला कवडीचुंबक. कवडीही गेली, फेनिगही गेला, चिकट माणसं आहेतच.

आता डबा लावताना याचा उपयोग असा की एखाद्या नाण्यावर खरंच 'ग्रोशन' छापलेलं दिसलं तर ते जर्मन नाही, ऑस्ट्रियाचं आहे, त्यांच्या शिलिंगचे शंभर ग्रोशन होते. ते वेगळं काढा. हातात घेतल्यावर खेळण्यातलं वाटावं इतकं हलकं, ॲल्युमिनियमचं फेनिग असेल तर बहुतेक पूर्व जर्मनीचं (त्यांचं २० फेनिग मात्र पितळी). पश्चिमेकडच्या १, २, ५, १० वर ओकचं रोपटं असतं, ५० वर गुडघ्यावर बसून रोप लावणारी बाई. चुंबक लावून बघा, ५० चिकटत नाही, बाकीची चिकटतात कारण आत पोलाद आहे, फक्त २ ची जुनी नाणी ब्राँझची आहेत ती चिकटणार नाहीत. बारीक अक्षर टांकसाळीचं, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरुहं, जे हॅम्बुर्ग, आणि ए बर्लिन. ५० वर साल १९५०, अक्षर जी आणि देशाच्या नावाऐवजी 'बँक डॉइचर लेंडर' असं तिन्ही एकत्र दिसलं तर ते चिल्लरीत टाकू नका, चुकून निघालेलं दुर्मिळ नाणं आहे ते.

आणि काकांना एक विचारा, ते बर्लिनला होते का? कारण झेक्सर हा मुख्यतः तिकडचा शब्द, म्युनिकला राहून आलेला माणूस सहसा असं म्हणणार नाही.