गिटार माळ्यावर गेली, आता तबला घेऊन द्यायचा का?

प्रश्न परळच्या एका आईचा आहे. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदललेत.) मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. वाढदिवसाला हट्टाने गिटार घेतली, शनिवारच्या क्लासला घातला, आणि दोन-अडीच महिन्यांत "मला नाही जायचं" सुरू झालं. मग वर्गात बाकावर ठेका धरतो म्हणून डायरीत शेरा आला आणि त्याच आठवड्यात त्याने तबला मागितला. बाबांचं म्हणणं, पोरगा धरसोड करतोय, आता एक पैसा घालायचा नाही. आजीचं म्हणणं, आजोबांची पेटी पडून आहे, तीच शिकू दे. दोघांच्या मध्ये अडकलेली आई विचारत होती, "मॅडम, मुलाला कोणतं वाद्य झेपेल हे आधी कळतं का?"

बरंचसं कळतं. पण त्याआधी सुटलेलं वाद्य तपासावं लागतं. मूल वाद्य सोडतं तेव्हा सगळे मुलाकडे बघतात, वाद्याकडे कुणी बघत नाही. म्हणून पुढच्या भेटीला गिटारही घेऊन यायला सांगितलं.

गिटार निघाली मोठ्यांची, 41 इंची, स्टीलच्या तारांची. खुर्चीत बसून मुलाने ती घेतली तेव्हा तिचा काठ थेट काखेत रुतला, उजवा खांदा कानापर्यंत चढला आणि पहिल्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी) पोचायला डावा हात जवळजवळ सरळ करावा लागला. या उंचीच्या मुलाला 34 किंवा फार तर 36 इंची आणि नायलॉन तारांची गिटार लागते. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत चार मिलिमीटरहून जास्त अंतर होतं. स्टीलच्या तारांना तिथे दोन-अडीच पुरतं. त्याहून जास्त असलं की तार दाबायला इतका जोर लागतो की मोठ्या माणसाचीही बोटं सोलतात. तारांवर तांबूस गंज, मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तो चढतोच. मोबाइलवरच्या ट्यूनरने बघितलं तर सहापैकी पाच तारा उतरलेल्या, 'बी'ची तार तर जवळपास अर्धा सूर खाली.

"घरी कोण लावतं?"

कुणीच नाही. सर शनिवारी क्लासात लावून देत. स्वस्त गिटारीच्या खुंट्या घसरतात, दमट हवेत लाकूडही हलतं, आणि सोमवारपर्यंत गिटार पुन्हा बेसूर. म्हणजे आठवडाभर बोट बरोबर जागी ठेवूनही आवाज चुकीचाच येणार. आठ वर्षांच्या मुलाला 'तार उतरलीय' असं म्हणता येत नाही, तो 'कंटाळा आला' म्हणतो. त्यात गिटार बॅगेत घालून कपाटावर ठेवलेली. ती काढायला बाबा लागत आणि बाबा साडेआठला घरी येत.

एवढं ऐकल्यावर बाबांनी रास्त प्रश्न केला, "मग लहान गिटार घेऊ का?" मुलाला गिटार हवी असेल तर जरूर. पण गिटार वर्गातल्या मित्राकडे होती म्हणून मागितली होती. बाकावर ठेका धरायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाला काय हवंय हे विचारायची पद्धत महत्त्वाची आहे. 'तुला कोणतं आवडलं?' हा प्रश्न आईबाबांसमोर विचारला की मूल आधी बाबांच्या चेहऱ्याकडे बघतं आणि मग उत्तर देतं. हा मुलगाही तसाच बघत होता. म्हणून त्यांना ओळखीच्या एका दादरच्या क्लासमध्ये दुपारच्या रिकाम्या वेळी पाठवलं, तिथे तबला, पेटी, कीबोर्ड तिन्ही होतं. सरांनी प्रत्येक वाद्य तीन-चार मिनिटं नीट वाजवून दाखवायचं, मग दहा-दहा मिनिटं ते मुलाच्या हाती, आईबाबा बाहेर, किमतीचा विषय नाही. शेवटी प्रश्न एकच, 'कोणतं परत वाजवायचंय?' दुकानातही हे जमतं. दादरला किंवा धोबीतलावला वाद्य हाताळू देतात, फक्त रविवारी संध्याकाळी जाऊ नये, गर्दीत धड काही ऐकूच येत नाही.

सरांनी जे सांगितलं ते उपयोगी होतं. कीबोर्डवर मुलाने रिदमचं बटण दाबलं आणि पट्ट्या सोडून टेबलावर ताल धरला. पेटीवर उजवा हात पट्ट्यांवर गेला की डावा भाता विसरायचा. तबल्यावर 'ना' काढताना आवाज दबत होता, कारण अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) काठावर अलगद टेकायची तिथे तो ती दाबून धरत होता, आणि चाटेवर, म्हणजे कडेच्या कातडी पट्टीवर, मारलेली तर्जनी लगेच उचलत नव्हता. तरी तो स्वतःहून पुन्हा पुन्हा तेच करत राहिला, आणि आवाज खणखणीत निघाला तेव्हा सरांकडे न बघता पुढचा ठोका मारला. माझ्या लेखी खूण हीच: न जमणारा भाग मूल आपणहून परत करतंय का. छान वाजलं म्हणून खूश होणारी मुलं कुठल्याही वाद्यावर खूश होतात.

मग अंगाला बसतंय का ते बघायचं. सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा तबला या वयाला चालतो, तो साधारण काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) आसपास लागतो. डग्ग्यावर (जोडीतल्या डाव्या हाताच्या मोठ्या वाद्यावर) तळहाताचा मनगटाकडचा भाग मैदानावर, म्हणजे शाईभोवतीच्या मोकळ्या कातड्यावर, टेकला पाहिजे आणि तिथून बोटांची कमान शाईपलीकडे पडली पाहिजे. मनगट हवेत राहत असेल तर डग्गा मोठा आहे. मांडी घालून बसल्यावर गुडघे उचलले जात असतील तर खाली जाड आसन द्यायचं.

गिटारवर जे झालं ते तबल्यावर होणार नाही असं मुळीच नाही. तबला तर जास्त उतरतो. पुडी, म्हणजे तोंडावरचं आवरण, कातड्याची, पावसाळ्यात ओल धरून सैल पडते. तबल्याला सोळा घरं (काठावरचे वादीच्या दोन पट्ट्यांमधले भाग) आणि आठ गठ्ठे (वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे). गठ्ठा ठोकून खाली सरकवला की सूर बराच चढतो, बारीक फरकासाठी गजऱ्यावर (तोंडाभोवतीच्या कातडी वेणीवर) हातोडी. वरून मारली की चढतो, खालून वर मारली की उतरतो. एका घरावर मारलं की लगेच समोरचं घर तपासायचं, एकाच बाजूला ठोकत गेलं तर पुडी वाकडी ताणली जाते. हे काम मुलाचं नव्हे. पहिलं वर्ष घरातल्या एका मोठ्याने ते शिकून घ्यायचं आणि कोण शिकणार हे वाद्य आणण्याआधी ठरवायचं. माझी तरी ही अटच असते. इथे बाबा तयार झाले, जरा नाइलाजाने.

आजीची पेटी इथे कामी आली. खुंट्या (पेटीच्या समोरच्या, हवा सोडणाऱ्या) सगळ्या बंद करून भाता भरला आणि सोडला तर तो काही वेळ फुगलेला राहायला हवा. हा लगेच बसला, म्हणजे गळती. शिवाय खुंटी उघडताच एक सूर पट्टी न दाबताच वाजत होता. पेटी दुरुस्त करणाऱ्याने गळती बंद केली, अडकलेली पट्टी मोकळी केली, सूर साफ केले. आता आजी काळी एक धरते, बाबा हातोडी घेतात आणि "अजून उतरलाय रे" हे ऐकून घेतात. त्यांचा कान तयार नाही, आजीचा भजनात घडलेला आहे.

ज्या घरात असं कुणीच नाही त्यांना मी कीबोर्डच सुचवते, त्यात कमीपणा काही नाही. तो कधी उतरत नाही, हेडफोन लावता येतो. फक्त पट्ट्या पूर्ण आकाराच्या आणि 61 हव्यात, दाब ओळखणाऱ्या असल्या तर उत्तम, आणि आपोआप साथ वाजवणारी बटणं पहिले सहा महिने बंद. बासरीसाठी पुढचे पक्के दात येऊ द्यावेत. दात पडत असताना फुंक रोज बदलते. व्हायोलिन मापाने घ्यायचं. हात लांब करून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजायचं: साधारण 51 सेंमी भरलं तर अर्धं, 56 ला पाऊण. 'वाढेल तो' म्हणून मोठं घेऊ नये. युकुलेले छोट्या हातांना सोपं, चारच नायलॉन तारा.

शेजाऱ्यांचं विसरू नका. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल. पण भांडण कायद्याआधीच सुरू होतं, कारण डग्ग्याचा घुमारा लादीतून खालच्या घरात जातो. खाली घडी घातलेली जाड सतरंजी, आणि वेळ रोज ठरलेली. या घरात ती संध्याकाळी सात, खाली खेळून आल्यावर.

बाबांशी तीन महिन्यांचा करार झाला. जोडी क्लासकडून भाड्याने, आठवड्यातून पाच दिवस पंधरा मिनिटं, तबला हाताच्या अंतरावर, कपड्याने झाकून. वाजवण्याआधी हात कोरडे, शाईला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. तोवर 'धरसोड' हा शब्द घरात उच्चारायचा नाही, आणि तीन महिन्यांनी मुलाने नको म्हटलं तर न रागावता जोडी परत करायची. बाबांना शेवटची अट जड गेली. मी ती सोडली नाही, कारण परत करता येतं हे माहीत असलं की मूल खरं बोलतं.

जूनमध्ये सुरू झालं. जुलैचे दोन आठवडे वाईट गेले, तबला रोज उतरायचा आणि मुलगा चिडायचा. पण या वेळी तक्रार 'आवाज बसलाय' अशी यायची. गणपतीत आरतीला केरव्याचा साधा ठेका धरला, मधेच लय पळाली, आजोळच्या मामांनी टाळ्या वाजवून जागेवर आणली. करार संपला तेव्हा जोडी परत गेली नाही.

मग आई गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा या वर्षीच द्यायची का विचारायला आली. घाई करू नका, म्हटलं. हात बसेपर्यंत, म्हणजे तीनताल, दादरा, केरवा दुप्पट लयीत न पळता वाजेपर्यंत, परीक्षेचा फॉर्म नको. आणि स्वतःची जोडी? ती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, सरांना सोबत नेऊन घ्यायची ठरलीय. पावसाळ्यात सैल पडलेली पुडी दुकानात ओढून चढवलेली असते. थंडीत ती आणखी ताणली जाते, वेळीच उतरवली नाही तर फाटते, आणि विकत घेताना हे कळत नाही.