पोस्टडॉक तीन वर्षांची, हप्ते वीस वर्षांचे

प्रश्न : वय ३०, अविवाहित. मटेरियल्स सायन्समध्ये पीएचडी पूर्ण. अमेरिकेतल्या विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधकाची नोकरी) मिळाली आहे, वर्षाला ६०,००० डॉलर, जे-१ व्हिसा. तीन वर्षांत ७५ लाख साठतील असा अंदाज आहे. जाण्याआधी पुण्याजवळ रावेतला ७५ लाखांचा फ्लॅट बुक करू का? कर्ज ६० लाख. शिवाय २०२३ च्या शेवटी बँकेतल्या मॅडमनी दिलेली ‘गॅरंटीड’ विमा योजना आहे. वर्षाला २ लाख, १० वर्षे. दोन हप्ते भरले, पुढचे डॉलरमधून आरामात जातील.

उत्तर : पोस्टडॉकला जरूर जा. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड वनसाठी पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतातच. फ्लॅट मात्र नको.

डॉलर ८५ रुपये धरला तर पगार ५१ लाख होतो, पण तो तिथे राहून खर्चायचाही आहे. घरभाडे, खाणे, प्रवास, राज्याचा कर जाऊन वर्षाला १२ ते १५ लाख उरले तरी छान म्हणायचे. त्यात भारत-अमेरिका करारामुळे संशोधकाला दोन वर्षे तिथला केंद्रीय प्राप्तिकर माफ असतो. मुक्काम दोन वर्षांपुढे गेला, तर ही माफी पहिल्या दिवसापासून रद्द होते! मागच्या दोन वर्षांचा कर म्हणजे ढोबळमानाने १३ लाख, वर व्याज. तिसरे वर्ष तुम्ही आताच गृहीत धरले आहे, तेव्हा माफी घ्यायची की नाही हे तिथल्या करसल्लागाराशी बोलून ठरवा.

साडेआठ टक्के व्याजाने ६० लाखांचा वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता ५२,००० बसतो. पोस्टडॉकचा करार बहुधा वर्षावर्षाने वाढतो. तो वाढला नाही आणि इथे रिसर्च असोसिएट म्हणून रुजू झालात, तर महिना ५८,००० अधिक घरभाडे भत्ता. खाणार काय?

आता तुम्ही न विचारलेले. बँकेतली ‘गॅरंटीड’ योजना घेतली तेव्हा तुम्ही एसआरएफवर, म्हणजे पीएचडीच्या सीनियर रिसर्च फेलोशिपवर होतात, महिना ४२,००० म्हणजे वर्षाला ५ लाख. त्यातले २ लाख, तब्बल ४० टक्के, एका पॉलिसीत! फेलोशिप संपणार हे त्या मॅडमना ठाऊक नव्हते असे नाही, कमिशन पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असते एवढेच. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात २० लाख भरून विसाव्या वर्षी ४२ लाख मिळतात. ‘दुप्पट’ ऐकायला बरे वाटते; परतावा पाच टक्क्यांच्या आत. विमा जेमतेम २० लाखांचा.

पॉलिसी मध्येच सोडली, म्हणजे सरेंडर केली, तर भरलेल्या ४ लाखांतले सव्वा लाखाच्या आसपास मिळतील. बाकीचे गेले, वाईट वाटेल. पण ते विसरून फक्त पुढचे पैसे मोजले, तरी उरलेल्या आठ हप्त्यांवर सहा टक्केच सुटतात. पीपीएफ ७.१ देते. पीपीएफ खाते नसेल तर निघण्याआधी उघडा, अनिवासी झाल्यावर नवे उघडता येत नाही. आधीचे मुदतीपर्यंत चालू ठेवता येते. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर एक कोटीचा टर्म विमाही इथे असतानाच घ्या.

तिसरा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाणार असेल, तर ती सूचना याच आठवड्यात रद्द करा आणि सरेंडरचा आकडा कंपनीकडून लेखी मागवा. बँकेतून फोन येईल, ‘सर, आणखी एकच वर्ष भरा.’ भरू नका.