हरणांसाठी वेगळा तुकडा पेरावा का?

प्रश्न (करमाळा तालुका): पुतण्या अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडे हरणांसाठी मुद्दाम रान पेरतात म्हणे. आपणही बांधाकडेला दहा गुंठे लुसलुशीत काही पेरलं, तर हरणं तिथंच चरतील आणि हरभरा वाचेल का?

उत्तर: पुतण्याने सांगितलं ते खरं, पण अर्धंच. तो तुकडा हरणांना पिकापासून लांब ठेवायला नसतो, बंदुकीच्या टप्प्यात आणायला असतो. ऑगस्टच्या सुमारास सलगम, मुळा, ओट पेरतात. 15 नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडतो, तोवर हरणांची पावलं तिकडे वळलेली असतात. मग परवानाधारक शिकारी त्यांना टिपतात. 2019 मध्ये त्याच राज्याच्या दक्षिण भागात मका-बीटचे ढीग टाकून हरणं जमवायला बंदी घातली, कारण एका ढिगात तोंडं घातली की रोग पसरतो. पेरलेलं रान मात्र चालतं.

आपल्याकडे यातलं पहिलं अर्धंच करता येतं. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहे, शिकारीला किमान 3 वर्षं कैद. शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं, हे ध्यानात असू द्या. म्हणजे तुम्ही पंगत मांडणार आणि पाहुणे मुक्कामाला राहणार. दहा गुंठे संपले की कळप शेजारच्या हरभऱ्यातच शिरेल.

त्यापेक्षा जुनाच उपाय करा: हरभऱ्याभोवती करडईचा पाटा, म्हणजे काटेरी ओळींचा पट्टा. मात्र त्यात एक खोच आहे. करडई पहिला महिनाभर जमिनीलगत मऊ पानांची असते, काटे नंतर येतात. त्या वयात हरणं तीही खातात. म्हणून पाटा सप्टेंबरअखेर पेरा, हरभरा दोन-तीन आठवड्यांनी. किमान चार-पाच ओळी दाट ठेवा. वाण काटेरीच घ्या. फलटणचा नारी-6 बिनकाट्याचा आहे, काढणीला सोपा, पण कुंपणाला निरुपयोगी. पाटा वयात येईपर्यंत रात्रीची राखण चुकत नाही. जुन्या साड्या बांधल्या तर जागा बदलत राहा, हरणं चार दिवसांत सरावतात.

शेंडे खाल्ले म्हणून लगेच हरभरा मोडू नका. तिसाव्या दिवसाच्या आसपास आपण स्वतःच शेंडे खुडतो, फुटवे फुटतात. खरं नुकसान तोच कळप पुन्हापुन्हा येण्याने आणि रोपं मुळासकट उपटण्याने होतं.

दुसरा प्रश्न: तारेत खांबावरचा करंट सोडला तर?

उत्तर: अजिबात नको. आधी माणूस मरतो, बहुधा घरचाच. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा, थांबून थांबून असतो. खांबावरचा करंट सलग वाहतो आणि धरलेला हात सुटत नाही. सौर कुंपण घ्यायचं तर सगळ्यात खालची तार जमिनीजवळ हवी, काळवीट उडी मारण्यापेक्षा खालून घुसणं पसंत करतं. खालचं गवत सतत कापा, गवत तारेला टेकलं की झटका मातीत जातो.

नुकसान झालंच, तर 3 दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या. सोबत सातबारा आणि फोटो जोडा. फोटोत खुरांचे ठसे, लेंड्या आणि खाल्लेली रोपं एकत्र दिसू द्या. पंचनामा होईपर्यंत त्या कोपऱ्यात कोळपं घालू नका.