रिपोर्टात लाल खूण नाही, मग गोळी का वाढवली?

प्रश्न : माझं वय २९. गरोदरपणाचा चौदावा आठवडा चालू आहे. तीन वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. परवाच्या रिपोर्टात टीएसएच ३.६ आणि क्रिएटिनिन ०.९ आलं. दोन्ही आकडे शेजारी छापलेल्या मर्यादेत आहेत. क्रिएटिनिन तर दोन वर्षांपूर्वीही ०.९च होतं. तरी डॉक्टरांनी गोळी ७५ची केली आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी सांगितली. नवरा म्हणतो, सगळं नॉर्मल असताना हे कशाला? थायरॉइड, लोह, कॅल्शियम या तिन्ही गोळ्या मी सकाळी एकदमच घेते, विसरायला नको म्हणून. बाळाला काही धोका आहे का?

उत्तर : पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी कपाळाला हात लावला. त्या तीन गोळ्या उद्यापासून वेगळ्या करा. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच अडवून ठेवतात. रक्तात पोचतं ते उरलंसुरलं. थायरॉइडची गोळी उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही खाऊ नका. बाकीच्या दोन्ही किमान चार तासांनी. डॉक्टरांनाही हे सांगा, त्यांना बहुधा माहीत नसेल. मात्र मनानेच परत ५०वर येऊ नका.

आता आकड्यांकडे येते. निवृत्त होईपर्यंत मी लॅबमध्ये बसून अशाच रिपोर्टांवर सह्या केल्या, त्यामुळे तुमच्या नवऱ्याच्या गोंधळाचं थोडं माप माझ्याही पदरात पडतं. शेजारी छापलेली मर्यादा बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या माणसांची असते. फॉर्मवर कुणी लिहिलंच नाही तर सही करणारीला तरी कसं कळणार, की ही नळी गरोदर बाईच्या रक्ताची आहे?

गरोदरपणात मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांतच ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा. गाळणं वाढलं की ते उतरतं, साधारण ०.४ ते ०.८ मिलिग्रॅमच्या दरम्यान येतं. तुमचं आधीचं ०.९ आता ०.६-०.७च्या आसपास दिसायला हवं होतं. ते जागचं हललं नाही, आणि तुम्हाला ज्याचा दिलासा वाटला त्यानेच डॉक्टरांचे कान टवकारले. म्हणून मूत्रपिंड बिघडलंय असं नाही; एका आकड्यावरून मी तसं कधीच म्हणणार नाही. रिपोर्टात ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेला गाळण्याच्या वेगाचा अंदाज, छापला असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा, ते सूत्र गरोदर बायकांसाठी नाहीच. लघवीची तपासणी मात्र नक्की करा. गरोदरपणात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिन गेलेलं चालतं, एरवीच्या दुप्पट. त्यासाठी चोवीस तासांची लघवी साठवत बसायची गरज सहसा पडत नाही. एकाच नमुन्यातून प्रथिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण काढता येतं आणि ते ०.३च्या खाली असलं की झालं.

थायरॉइडचंही तसंच. या काळात इस्ट्रोजेन वाढतं आणि त्यामुळे थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाला, रक्तात धरून ठेवणारं प्रथिनही वाढतं. तितकंच जास्त थायरॉक्सिन तयार व्हावं लागतं. धडधाकट ग्रंथी ते करते. तुमची गोळीवर चालते, म्हणून गोळी वाढते. बहुतेकींना पाव हिस्सा किंवा थोडी जास्तच वाढ लागते. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉइडला कामाला लावणारा संदेश; थायरॉक्सिन कमी पडलं की तो चढतो. गोळी चालू असलेल्या गरोदर बाईचं टीएसएच आम्ही २.५च्या खाली ठेवू पाहतो. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते, पण पुरेशी चालायला विसावा उजाडतो. तोवर भिस्त तुमच्यावर. ३.६ने बाळाचं काही बिघडलं असेल असं मानायला कारण नाही, पण तो आकडा आणखी चढू द्यायचा नाही.

या दोन अवयवांचं एकमेकांशी नातंही आहे. थायरॉइड मंदावला की मूत्रपिंडांचं गाळणंही मंदावतं आणि क्रिएटिनिन थोडं वर राहतं. गोळी नीट लागू पडली की उतरतं. पण ३.६ म्हणजे फार मंद नव्हे, त्यामुळे सगळं खापर मी थायरॉइडवर फोडणार नाही. चार आठवड्यांनी दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये पुन्हा करा. विसाव्या आठवड्यापर्यंत टीएसएच दर चार आठवड्यांनी बघायचं, मग एकदा तिसाव्याच्या आसपास.

रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्या. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९०च्या वर गेला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पुढच्या वेळी लॅबच्या फॉर्मवर ‘गरोदर, १८ आठवडे’ असं स्वतःच्या हाताने ठळक लिहा. त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या.